बापांसाठीचा पालकत्व-वर्ग आणि नोकरीची मदत : उपयोग झाला की नाही, हे ठरवायचं कसं?

मोजपट्टी
बापांसाठी चालणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या कार्यक्रमांबद्दल हा धागा आहे. एकीकडे पालकत्वाचे वर्ग, दुसरीकडे काम मिळवून द्यायची मदत. येणारे बहुतेक जण मुलांपासून वेगळे राहणारे आणि हाताला स्थिर काम नसलेले. रचना साधारण अशी : ८ ते १० आठवडे, आठवड्याला दोन बैठका, एका गटात १२ ते १५ जण. शिवाय एक नोकरी-समुपदेशक, जो अर्ज लिहून घेतो, मुलाखतीची तयारी करून घेतो आणि मालकांशी बोलतो.

वर्षअखेरीच्या अहवालात तीन आकडे असतात : किती आले, किती समाधानी, किती जणांना काम लागलं. माझ्या मते या तीन आकड्यांवरून कार्यक्रमाचा उपयोग झाला की नाही हे अजिबात कळत नाही. समजा २०० जणांनी नाव नोंदवलं, ८० जणांनी वर्ग पूर्ण केले आणि त्यातल्या ५६ जणांना काम लागलं. अहवालात '७० टक्क्यांना काम' असं छापलं जातं. नोंदणीवर हिशेब केला तर ते २८ टक्के भरतात. आणि त्या २८ टक्क्यांतल्या किती जणांना कार्यक्रम नसतानाही काम लागलंच असतं, हा प्रश्न अजून शिल्लकच.

तर जाणकारांना विचारतो : वर्षाला सुमारे ३०० बाप येत असतील, तर मूल्यमापनाचा आराखडा कसा असावा? काय मोजावं, कुणाला विचारावं, किती महिन्यांनी?

तळघर
'आधी किती कमवत होते, नंतर किती' ही तुलना तर पहिल्यांदा बंद करा. माणूस अशा कार्यक्रमाकडे वळतो तो काम सुटल्यावर, म्हणजे कमाई तळाला असताना. तिथून ती काही महिन्यांत थोडी वर येतेच, कुणी मदत करो वा न करो. ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ साली प्रशिक्षणार्थींच्या कमाईत प्रवेशाआधीचा हा खड्डा दाखवला, आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली तर कुठलाही कार्यक्रम यशस्वी दिसेल.

वडीलपणाच्या प्रश्नांनाही हेच लागू. मुलाशी भेटीगाठी तुटल्या म्हणून आलेला बाप सहा महिन्यांनी मुलाला थोडा जास्त भेटत असेल, तर श्रेय वर्गाचं की निवळलेल्या भांडणाचं? तुलनेला दुसरा गट असल्याशिवाय सांगता येणार नाही.

कोरा_कागद
चिठ्ठी काढून दोन गट करा : एकाला कार्यक्रम, दुसरा फक्त तुलनेला. ऐकायला सोपं आहे, बिघडतं ते क्रमात. क्रम असा ठेवायचा :

पात्रता तपासा. लेखी संमती घ्या. पहिली प्रश्नावली पूर्ण भरून घ्या. त्यानंतरच गट ठरवा. प्रश्नावलीआधी गट कळला तर 'नाही' मिळालेला बाप उत्तरं द्यायला बसत नाही, बसला तरी तुटक देतो, आणि दोन्ही गट सुरुवातीलाच वेगळे दिसू लागतात.

गट संगणकाने ठरवावा, केंद्रातल्या माणसाने नव्हे. गटाचं नाव आत घातलेली बंद पाकिटं वापरली की कळवळ्यापोटी एखादं पाकीट पुढे-मागे होतं. प्रत्येक केंद्राची वाटणी वेगळी ठेवा. वाटणी तुकड्यांनी करा, प्रत्येक तुकड्यातले निम्मे एका गटात, निम्मे दुसऱ्यात, आणि तुकडे कधी ४ जणांचे, कधी ६ चे, असे मिसळा. म्हणजे पुढचा माणूस कुठल्या गटात जाणार याचा अंदाज कर्मचाऱ्यांना येत नाही. एकाच घरातले दोन भाऊ आले तर दोघांना मिळून एकच चिठ्ठी. नाहीतर वर्गात शिकलेलं संध्याकाळी घरी सांगितलं जाणार, आणि तुलनेचा गट तुलनेचा राहणार नाही.

पारंबी
चिठ्ठीला माझा विरोध आहे. हिंमत करून मदत मागायला आलेल्या माणसाला 'तुमची चिठ्ठी निघाली नाही' असं सांगायचं? आधीच तो चार दारांवरून परत आलेला असतो.

कोरा_कागद
@पारंबी, हा आक्षेप गंभीर आहे, त्याला बगल देता येणार नाही. चिठ्ठी योग्य ठरते ती फक्त जागा कमी आणि मागणी जास्त असेल तेव्हा. जागा रिकाम्या ठेवून लोकांना परत पाठवणं चूकच. पण ३०० जागांसाठी ६०० जण असतील तर ३०० जणांना नकार मिळणारच आहे. मग तो 'आधी येईल त्याला' असा द्यायचा, समुपदेशकाला आवडेल त्याला आधी असा द्यायचा, की सगळ्यांना सारखी संधी देऊन?

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. चिठ्ठी न निघालेल्याला इतर सेवांची ताजी यादी, फोन नंबरांसकट, हातात द्यायची. आणि न्यायालयाच्या आदेशाने आलेल्यांना चिठ्ठीतून आधीच वगळायचं. त्यांना नकार देता येत नाही आणि त्यांची संख्या अहवालात वेगळी दाखवायची.

सांजवेळ
प्रतीक्षायादीचा पर्याय? आज निम्मे, सहा महिन्यांनी उरलेले.

कोरा_कागद
चालतो, पण मग सहा महिन्यांपलीकडचं काही कळत नाही, कारण तुलनेचा गटही वर्गात बसलेला असतो. नोकरी टिकते का, हा प्रश्न तर वर्षभरानंतरचाच.

वर्गमूळ
आता संख्या. एक उदाहरण घेऊन हिशेब मांडतो.

समजा तुलनेच्या गटातले ५० टक्के बाप वर्षानंतर कामावर आहेत आणि कार्यक्रमामुळे ते ६० टक्के व्हावेत अशी अपेक्षा आहे. नेहमीच्या कसोटीने (५ टक्के पातळी, म्हणजे फरक नसताना तो आहे असं दिसण्याची शक्यता ५ टक्के; आणि फरक खरा असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ३८८ जण लागतात. वर्षानंतर दर पाचातला एक सापडत नाही असं धरलं तर प्रत्येकी ४८५, म्हणजे एकूण ९७० नोंदण्या.

हे झालं सगळे वर्गाला आले तर. चिठ्ठी निघालेल्यांपैकी ६० टक्केच आले आणि येणाऱ्यांना १० गुणांचा (म्हणजे ५० टक्क्यांवरून ६० टक्के, असा) फायदा झाला, तर पूर्ण गटात फरक उरतो ६ गुणांचा. तो पकडायला लागणारी संख्या जवळपास पावणेतीनपट. म्हणून आधी हजेरी सुधारा, मग मूल्यमापन करा. न येणाऱ्यांची संख्या तुमच्या उत्तरावर सगळ्यात जास्त ओझं टाकते.

आणि 'जे आलेच नाहीत त्यांना हिशेबातून काढू' असं कृपया कुणी सुचवू नका. ज्याची चिठ्ठी ज्या गटात निघाली तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. येणाऱ्यांवरचा परिणाम वेगळा हवा असेल तर पूर्ण गटातला फरक हजेरीच्या प्रमाणाने भागा : ४ गुणांचा फरक आणि निम्मे हजर, तर हजर राहणाऱ्यांसाठी ८. त्यात गृहीत एवढंच, की नुसती चिठ्ठी निघाल्याने, वर्गात पाऊल न टाकता, कुणाचं काही बदललं नाही.

चिंचोके
वर्गमूळ यांनी भागाकार सुद्धा केला, नावाला न शोभणारं काम! पण मुद्दा शंभर टक्के पटला.

उत्तरपत्रिका
हे सगळं मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष झालेलं आहे, ते इथे नोंदवते. अमेरिकेत २००५ च्या एका कायद्याने बापांसाठीच्या कार्यक्रमांना केंद्र सरकारचा स्वतंत्र निधी मिळू लागला. त्यातल्या चार कार्यक्रमांचं मूल्यमापन 'पॅक्ट' या नावाने मॅथमॅटिका या संस्थेने केलं. डिसेंबर २०१२ ते मार्च २०१५ या काळात ५,५२२ बापांची नोंदणी झाली, चिठ्ठीने दोन गट पडले आणि साधारण वर्षभराने पुन्हा प्रश्न विचारले गेले.

निकाल : मुलाशी मायेने वागणं आणि मुलाच्या वयाला साजेशा गोष्टी त्याच्याबरोबर करणं, या दोन्हींत सुधारणा, पण थोडी. प्रत्यक्ष भेटींच्या प्रमाणात फरक नाही. मुलासाठी दिलेल्या पैशांतही नाही. बापांच्या मानसिक स्वास्थ्यात नाही. कामाच्या बाबतीत, सलग कामावर राहण्याचा काळ थोडा वाढला.

त्याआधी १९९० च्या दशकात एमडीआरसी या अमेरिकी संशोधन संस्थेने 'पॅरेंट्स फेअर शेअर' हा मुलांपासून वेगळे राहणाऱ्या, काम नसलेल्या बापांसाठीचा कार्यक्रम तपासला होता, सात ठिकाणी. तिथे सगळ्यांची मिळून कमाई वाढली नाही, पण शालेय शिक्षण अपुरं आणि कामाचा अनुभव नगण्य अशांची वाढली. आणि एक फार बोलकी गोष्ट : मुलाच्या खर्चाची रक्कम भरणाऱ्या बापांचं प्रमाण वाढलं, त्यातला काही भाग वर्गांमुळे नव्हताच. कार्यक्रमात बोलावण्यासाठी प्रकरणं नव्याने तपासली गेली, तेव्हा काही बाप आधीपासून काम करत होते हे उघड झालं आणि वसुली सुरू झाली.

सांजवेळ
म्हणजे भेटी वाढल्या नाहीत, पैसे वाढले नाहीत. मग इतका खर्च करून मिळवलं काय?

शेवंती
@सांजवेळ, भेटी हा एकट्या बापाच्या हातातला विषय नाही. मुलाची आई, न्यायालयाचा आदेश, दोन घरांमधलं अंतर, आठवडी सुट्टीचा वार, हे सगळं मध्ये येतं. वर्गाने बापाला शिकवलं, बाकीचं कुणी हलवलं नाही, तर भेटी तेवढ्याच राहणार. भेटीत काय घडतं ते मात्र बदलू शकतं, आणि तेच बदललेलं दिसतंय. ज्या कार्यक्रमाला भेटी वाढवायच्या आहेत त्याने भेटीचा आदेश मिळवायला कायदेशीर मदत आणि आई-वडिलांमध्ये मध्यस्थी जोडली पाहिजे. ती जोडली नसेल तर भेटींचा आकडा मुख्य कसोटी म्हणून लावणं अन्यायाचं आहे.

आता वडीलपण मोजायचं कसं, त्याबद्दल.

एक मूल निवडा. बापाला तीन मुलं, दोन वेगळ्या घरांत, असं नेहमी असतं. 'तुमच्या मुलांशी' असं विचारलं की तो ज्या मुलाशी जमतं त्याच्याबद्दल बोलतो. कुठल्या मुलाबद्दल विचारायचं हे पहिल्या प्रश्नावलीतच, गट पडण्याआधी, ठरलेल्या नियमाने निवडा आणि वर्षानंतर त्याच मुलाबद्दल विचारा.

मतं विचारू नका, घडलेलं विचारा. 'मी चांगला बाप आहे का' याला वर्गातून आलेला माणूस वर्गात ऐकलेलं उत्तर देतो. 'गेल्या चार आठवड्यांत किती दिवस भेट झाली', 'गेल्या भेटीत किती तास बरोबर होतात', 'त्यात गोष्ट वाचली का, अंघोळ घातली का, शाळेत नेलं का' असं विचारा. यादी वयानुसार वेगळी हवी. सहा महिन्यांच्या बाळाच्या बापाला गृहपाठाबद्दल विचारण्यात अर्थ नाही. शिस्तीचा प्रश्न टाळू नका, पण शेवटाकडे ठेवा : मारणं, ओरडणं, समजावणं, वेगळं बसवणं, प्रत्येकाचे दिवस.

प्रश्न विचारणारा माणूस केंद्राचा नको. ज्याने काम शोधून दिलं त्याच्यासमोर कुणी खरं सांगत नाही.

पारंबी
मग आईलाच विचारा ना. मुलाजवळ तीच असते.

शेवंती
विचारावं, पण जपून. आईने सांगितलेल्या भेटी बापाने सांगितलेल्यांपेक्षा बहुधा कमी भरतात, आणि खरा आकडा नेमका कुणाचा हे दरवेळी सांगता येत नाही. त्यापेक्षा मोठी गोष्ट सुरक्षेची. घरात पूर्वी मारहाण झाली असेल तर एक फोनसुद्धा आईला धोक्यात टाकू शकतो. आईशी संपर्क करायचा तर तिची स्वतंत्र संमती, तिने सांगितलेल्या वेळी, आणि बापाने काय सांगितलं याचा एक शब्द तिच्यासमोर नाही, उलटही नाही. मुलाला धोका आहे असं कळलं तर काय करायचं हे सर्वेक्षण सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा आणि संमतीपत्रात बापाला स्पष्ट सांगा.

हजेरीबुक
गळतीबद्दल एक मुद्दा अजून आला नाही. काम लागलं की वर्ग सुटतो. संध्याकाळची पाळी मिळाली की मंगळवार-गुरुवारचा सहाचा वर्ग संपला. म्हणजे कार्यक्रमाची एक बाजू जितकी चांगली चालते तितकी दुसरीची हजेरी पडते. 'पूर्ण केलं नाही' असं लिहिलेल्यांत सगळ्यात यशस्वी आणि सगळ्यात अडचणीतले, दोघेही असतात.

म्हणून हजेरीपटात तीन रकाने वाढवा : शेवटची बैठक कितवी, थांबण्याचं कारण (काम लागलं, प्रवास परवडत नाही, आजारपण, अटक, कारण कळलं नाही), आणि कारण किती दिवसांत विचारलं. दोन बैठका चुकल्या की ४८ तासांत फोन. महिन्याने विचारलं तर कारण मिळत नाही, माणूसही मिळत नाही.

रचनेनेही फरक पडतो. पॅक्टमधल्या काही कार्यक्रमांत एक तुकडी एकत्र सुरू होऊन एकत्र संपायची, पालकत्व आणि नोकरीची तयारी एकाच वेळापत्रकात. इतरांत कधीही या, कुठल्याही आठवड्याला बसा. तुकडीत ओळखी होतात, एक जण आला नाही तर बाकीचे विचारतात. पण पुढची तुकडी सुरू व्हायला महिना असेल तर आज आलेला माणूस महिनाभर थांबत नाही. तेवढ्यात त्याला धरून ठेवायला नोकरीची मदत पहिल्याच दिवशी सुरू करावी.

तळघर
@हजेरीबुक, हा मुद्दा मुख्य पोस्टमध्येच जायला हवा इतका महत्त्वाचा आहे. 'पूर्ण करणाऱ्यांपैकी' हा शब्द का फसवा, याचं खरं कारण हे.

गुळपोळी
कमाई कशी मोजायची? सरकारी नोंदी की तोंडी?

वर्गमूळ
दोन्ही. मालकाने भरलेल्या वेतनाच्या नोंदी सर्वेक्षणात न सापडलेल्या माणसाचीही कमाई दाखवतात, हा त्यांचा मोठा गुण. पण रोखीचं काम, रोजंदारी, स्वतःचा छोटा धंदा त्यात येत नाही. आणि इथे एक गुंता आहे. जिथे मुलाच्या खर्चाची थकबाकी पगारातून कापली जाते तिथे काही बाप मुद्दाम नोंदीबाहेरचं काम धरतात. कार्यक्रमाने त्यांना नोंदीतल्या कामाकडे वळवलं तर सरकारी आकडा वाढतो, घरी येणारे पैसे मात्र वाढत नाहीत, कधी घटतातही. दोन्ही स्रोत असले तरच हे दिसतं.

'काम लागलं' एवढ्यावर थांबू नका. ३०, ६० आणि ९० दिवसांनी तेच काम आहे का. वर्षात एकूण किती महिने सलग. ताशी मजुरी किती. आठवड्याचे तास किती. ताशी मजुरी तीच राहून तास वाढले असतील तर बापाचा मुलासोबतचा वेळ कमी होऊ शकतो. दोन उद्दिष्टं इथे एकमेकांना भिडतात, आणि दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही.

सांजवेळ
आणि हे बाप वर्षानंतर सापडणार कसे? फोन नंबर तर सारखे बदलतात.

कोरा_कागद
नोंदणीच्या दिवशी तीन माणसांची नावं घ्या, 'तुम्ही कुठेही गेलात तरी ज्यांना ठाऊक असेल असे'. आई, बहीण, जुना मित्र. तिघेही एकाच घरातले नकोत. दर तीन महिन्यांनी छोटा निरोप पाठवून पत्ता ताजा करा, दोन्ही गटांना सारखाच. इथे चूक होते ती अशी : वर्गातले बाप डोळ्यांसमोर असतात म्हणून ८० टक्के सापडतात, तुलनेच्या गटातले ६५. मग आकडे कितीही नीट मांडले तरी उत्तरावर विश्वास ठेवता येत नाही, कारण न सापडलेले ३५ टक्के नेमके कसे आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं. मेहनतीचा जास्त वाटा तुलनेच्या गटाकडे वळवा. उत्तरासाठी वेळेचा मोबदला दोघांना सारखा.

गुळपोळी
आणि ज्यांच्याकडे वर्षाला ६० च बाप येतात त्यांनी काय करायचं? चिठ्ठ्या टाकायच्या?

वर्गमूळ
नाही. ३०-३० च्या गटांत सुमारे ३६ गुणांचा फरक असेल तरच तो खात्रीने दिसेल. एवढा परिणाम अशा कार्यक्रमांचा होत नाही. चिठ्ठी टाकली तर बहुधा 'फरक आढळला नाही' असं छापून येईल आणि लोक त्याचा अर्थ 'उपयोग नाही' असा घेतील. दोन्ही वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ६० जणांच्या कार्यक्रमाने अंमलबजावणी तपासावी : कुणासाठी आखला होता आणि आलं कोण, किती तास मिळाले, ठरलेला पाठ शिकवला गेला का, गळती कुठल्या आठवड्यात. सोबत १५-२० सविस्तर मुलाखती, त्यात वर्ग सोडलेले निम्मे हवेत.

मोजपट्टी
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. वरच्या चर्चेवरून ३०० नोंदण्यांसाठी असा मसुदा होतोय : पहिले सहा महिने फक्त हजेरी आणि गळतीची कारणं. जागांपेक्षा मागणी जास्त असेल तरच चिठ्ठी, सलग तीन वर्षं, म्हणजे ९०० च्या आसपास. आधीच जाहीर केलेल्या मुख्य कसोट्या तीन : निवडलेल्या मुलाबरोबर वयानुरूप गोष्टी केलेले दिवस, सलग कामाचे महिने, मुलासाठी दिलेले पैसे, वस्तूंसकट. १२ महिन्यांनी बाहेरच्या माणसाकडून प्रश्नावली. पूर्ण नोंदणीवर हिशेब. काही सुटलं?

उत्तरपत्रिका
तीनच कसोट्या आधी जाहीर करणं फार योग्य. २० गोष्टी मोजून प्रत्येकीला ५ टक्क्यांची कसोटी लावली तर कार्यक्रमाचा काहीही परिणाम नसताना एखादा तरी 'ठळक' निकाल हाती लागण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते (गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर). मग अहवालात तोच मथळा होतो. 'शिक्षण आणि अनुभव कमी असलेले बाप' हा एक उपगटही आधीच लिहून ठेवा, पॅरेंट्स फेअर शेअरमधला कमाईचा फरक तिथेच दिसला होता.

वर्गमूळ
९०० नोंदण्या, २० टक्के गळती, म्हणजे प्रत्येक गटात ३६०. एवढ्यात साडेदहा गुणांचा फरक दिसेल, त्याहून लहान निसटेल. अहवालाच्या पहिल्याच पानावर हे लिहा, म्हणजे 'फरक आढळला नाही' याचा अर्थ वाचणाऱ्याला नीट लागेल.

पारंबी
माझा चिठ्ठीचा आक्षेप पूर्ण मिटलेला नाही, पण मागणी जास्त असेल तरच, आणि हातात ताजी यादी देऊनच, या दोन अटी मसुद्यात लेखी असतील तर विरोध मागे घेते. यादीतल्या ठिकाणांना महिन्यातून एकदा फोन करून ती सेवा अजून चालू आहे का हे तपासायची जबाबदारी कुणाची, तेही नावानिशी लिहा. आणि तुलनेच्या गटातल्या बापांनी त्यातली कुठली मदत प्रत्यक्ष घेतली ते वर्षअखेरीच्या प्रश्नावलीत विचारा. दोन्ही गटांना मिळालेल्या मदतीतच फरक नसेल, तर परिणामात तो दिसणार कुठून?